ओल्या रंगावरचा अंगठा

केनवडच्या स्टँडवर उतरलं की पहिल्यांदा टर्पेंटाईनचा वास यायचा, मग चहाचा. मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सायकलवाला आणि न्हावी यांच्या मधल्या जागेत पेंटरचं दुकान होतं. टिनाचं छप्पर, पुढे बाभळीच्या दोन मेढी आणि त्यांना टेकवून वाळत ठेवलेल्या पाट्या. पेंटरचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. मोठी माणसं त्यांना 'पेंटर' म्हणत, आम्ही पोरं 'पेंटरकाका'. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या टिनाखाली गेल्या. माझ्याकडे काम होतं सुतळी धरायचं.

सुतळीला खडूची भुकटी चोळायची, पाटीच्या दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायची. 'फट्' असा आवाज येई आणि काळ्या पाटीवर पांढरी सरळ रेघ उमटे. अशा दोन रेघांच्या मध्ये काका अक्षरं उभी करत. उजव्या मनगटाखाली एक काठी असे, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. तो पाटीवर टेकला की हात हलत नसे. आधी दांड्या, मग गोलाई, काने, वेलांट्या, उकार, आणि सगळ्यात शेवटी एका दमात शिरोरेघ. ती ओढताना काका श्वास रोखून धरत आणि त्यांच्याबरोबर मीही. एकदा मी विचारलं, "काका, शिरोरेघ आधी का नाही ओढत?" ते म्हणाले, "भिंती उभ्या झाल्याबिगर आढं टाकते काय कोनी?"

पाट्या रंगवणं हा धंदा दिसायला पाट्यांचा. पण आमच्या दुकानात येणारी निम्मी कामं पाटीची नसायचीच. वर्षाच्या प्रत्येक ऋतूचं आपलं एक काम होतं.

मृग लागायच्या आधी छत्र्या यायच्या. काळ्या कापडाच्या, लाकडी मुठीच्या. रिसोडच्या बाजारात पाऊस आला की दहा जणांच्या छत्र्या एका कोपऱ्यात उभ्या राहत आणि जाताना अदलाबदल होई. म्हणून छत्रीवर नाव घालून घ्यायचं. छत्री उघडून मांडीत उलटी धरायची आणि आतल्या बाजूच्या एका पाकळीवर पांढऱ्या रंगानं लिहायचं. रंग पातळ ठेवावा लागे, नाहीतर घडीवर कापड तडके. त्याच दिवसांत लोखंडी पेट्या यायच्या. वसतिगृहात निघालेल्या पोराची हिरवी पेटी आणि सुट्टी संपवून परत जाणाऱ्या जवानाची काळी पेटी. जवानाच्या पेटीवर आधी क्रमांक, मग नाव, मग पलटण. ती पेटी रंगवताना काका कोणाशी बोलत नसत. क्रमांकातला एक आकडा चुकला तर पेटी कुठल्या कुठे जाईल, असं त्यांचं म्हणणं.

श्रावणी अमावस्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी दुकानापुढे बैलांची रांग लागे. काचेच्या तुकड्यानं शिंगं तासून आणलेली असत. त्यांना रंग आणि वर बेगड. मग बैलाच्या पाठीवर गेरूनं अक्षरं, एका बैलावर 'जय जवान', जोडीदारावर 'जय किसान'. बैल हलला की वेलांटी हलते. म्हणून मालक पुढे उभा राहून बैलाच्या कपाळावर हात ठेवायचा आणि काका मागून लिहायचे. त्यानंतर गणपती. मूर्ती कुंभाराची, पण डोळे काकांनी लिहायचे. त्या दिवशी ते सकाळी आंघोळ करून, काही न खाता बसत.

ज्वारी निसवली की शेतकरी फुटका माठ घेऊन यायचा. बुजगावण्याचं डोकं. "डोये मोठे काढ पेंटर, रातच्याले डुकराले दिसले पाह्यजे." काका त्या माठावरही तितक्याच मन लावून भुवया काढत आणि पैसे घेत नसत. शेतात उभा राहणारा तो राखणदार आहे, त्याच्या चेहऱ्याचे पैसे कसे घ्यायचे, असं म्हणत.

आणि लग्नसराईत भिंती. नवरदेवाच्या घराची पुढची भिंत चुन्यानं पांढरी करायची, त्यात थोडी नीळ टाकायची. दाराच्या माथ्यावर गणपती, दोन्ही अंगांना केळीचे खांब आणि मोर, मध्ये 'शुभविवाह'. त्याखाली चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक. त्या काळात पुष्कळ मुलींचं नाव त्यापूर्वी शाळेच्या हजेरीपटाशिवाय कुठंही लिहिलं गेलेलं नसे. पुढे दिवाळीला घर सारवताना, चुना मारताना बाया तेवढा चौकोन सोडून द्यायच्या. लेकरं शाळेत जायला लागायची, अक्षरं जोडायला शिकायची आणि पहिल्यांदा वाचायची ती आईबापाची नावं, आपल्याच घराच्या भिंतीवर.

मोठी गिऱ्हाइकंही होती. निवडणूक आली की रात्री कंदिलाच्या उजेडात भिंती रंगत. काकांनी एकाच पक्षाच्या तीन निशाण्या काढल्या होत्या. १९६९ पर्यंत काँग्रेसची बैलजोडी, फूट पडल्यावर गाय-वासरू आणि १९७८ पासून पंजा. १९७७ साली जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला, १९८० नंतर कमळ. सगळ्यात अवघड पंजा, असं ते सांगत. बोटं जरा जवळ आली की हात आखडलेला दिसतो, लांब गेली की ओढलेला. नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेचा धाक बसवला, भिंती विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ साली राज्याचा कायदा आला आणि ते काम ओसरत गेलं. काकांनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. लोकांच्या भिंती न विचारता रंगवायला त्यांना स्वतःलाच आवडत नसे.

पण त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं वेगळी होती. शिवजयंतीला शिवाजी महाराज, १४ एप्रिलला बाबासाहेब, मध्येच कुणाच्या सप्ताहासाठी तुकडोजी महाराज, गाडगेबाबा. छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कापडावर तितक्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. बाबासाहेबांचा चष्मा काका सगळ्यात शेवटी काढत. "आधी डोळ्यातली नजर, मंग काच," असं म्हणत. चित्र पुरं होईस्तोवर कापडापुढे चप्पल घालून कोणी यायचं नाही, हा दुकानाचा नियम होता.

त्या दिवसांत काम करता करता ते आम्हाला गोष्टी सांगत. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींची गोष्ट त्यांची फार आवडती. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि आयुष्यभर 'पेंटर' हेच आडनाव मिरवलं. दुसरी गोष्ट पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची. जगभर गाजलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरायचे. काका हे सांगायचे ते आम्हाला धीर म्हणून. हाताला रंग लागलेला माणूस कुठंही पोचू शकतो, हे आम्हाला कळावं म्हणून.

मग १ जुलै १९९८ आला. अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. ब्रिटिशांच्या काळात १९०५ पर्यंत वाशिम जिल्हा होताच. त्याला आपलं नाव परत मिळालं, असं जुनी माणसं म्हणाली. पेढे तिकडे वाटले गेले आणि इकडे आमच्या दुकानाला श्वास घ्यायला सवड उरली नाही. शाळा, सोसायटी, रास्त भाव दुकान, दवाखाना, जिथं जिथं 'ता. रिसोड, जि. अकोला' लिहिलेलं होतं तिथं बदल करायचा होता. काकांनी पहिल्याच पाटीपुढे उभं राहून बोटं मोजली. अ, को, ला. वा, शि, म. "तीनाच्या जागी तीनच," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. रंगानं जुनी तीन अक्षरं झाकायची आणि तेवढ्याच जागेत नवी तीन बसवायची. बाकी पाटीला हात लावायची गरज नाही. जुना रंग उन्हानं फिका पडलेला आणि नवी तीन अक्षरं लकलकीत. पुढची दोन-तीन वर्षं गावोगावच्या पाट्यांवर 'वाशिम' असं वेगळं उठून दिसायचं.

त्याच काळातलं एक काम मला सगळ्यांत जवळचं आहे. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि शेजारच्या एका गावात पहिल्यांदा एक बाई सरपंच झाल्या. ग्रामपंचायतीत लाकडी फळा होता, त्यावर आजवरच्या सरपंचांची नावं आणि कार्यकाळ. नवं नाव लिहायला काका गेले, सुतळी धरायला मी. बाई साठीच्या होत्या. डोक्यावर पदर, हाताला शेणाचा वास. त्या दाराशी उभ्या राहिल्या, आत येईनात. काकांनी नाव लिहिलं, शिरोरेघ ओढली आणि म्हणाले, "बाई, पाहा आता. हे तुमचं नाव."

त्या पुढे आल्या. फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहं नाव एवढं लांब असते काय, बाप्पा?" आणि पहिल्या अक्षरावर त्यांनी अंगठा ठेवला. रंग ओला होता. अंगठा उमटला. त्या एकदम घाबरल्या, "खराब झालं काय?" मी फडकं घेऊन पुढे झालो. काकांनी माझा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. "आजवर सगळ्या कागदावर यायचा अंगठाच होता. एक नावावर बी असू दे."

आता त्या स्टँडवर रंगाचा वास येत नाही. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मालेगावला, रिसोडला, वाशिमला फ्लेक्सची दुकानं आहेत. सकाळी मजकूर पाठवला की संध्याकाळी फलक तयार, तोही चौरस फुटाच्या भावानं गरिबाला परवडेल असा. मागच्या वेळी मी एका दुकानात गेलो तर संगणकावर एक विशीची मुलगी बसलेली होती. एका हातानं माऊस, दुसऱ्या हातानं फोन, आणि पाच मिनिटांत वाढदिवसाचा फलक उभा. आमच्या वेळी या धंद्यात एकही मुलगी नव्हती. हे चांगलं झालं, आणि ते मनापासून म्हणायला हवं.

पण काही गेलं तेही खरं. पूर्वी पाटीवर नाव असायचं, आता चेहरे असतात. वाढदिवसाच्या फलकावर तीस-तीस शुभेच्छुकांचे चेहरे. एक नाव लिहायला काकांना तास लागायचा. तेवढा वेळ नावाचा धनी बाकावर बसलेला असायचा. शेत किती, पोरं किती, यंदा पऱ्हाटी की ज्वारी, सगळं निघायचं. अक्षर वाळेपर्यंत माणूस कळायचा. आता नाव टाइप होतं आणि टाइप करणाऱ्याला ते कोणाचं हे ठाऊकही नसतं.

आणि अक्षरांचं वळण गेलं. काकांचा 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच रूपं ठरलेली आहेत. पण संगणकावरच्या अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं आपोआप येतात आणि फलकावर तशीच छापली जातात. २०२२ पासून दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात असा कायदा आहे. पाटी मराठी झाली, आता अक्षरही मराठी व्हावं एवढीच माझी मागणी आहे. फाँट बदलायला एक मिनिट लागतं. घरोघरीच्या संगणकात पोचलेला 'मंगल' फाँट घडवणारे र. कृ. जोशी हेही मुळात हातानं अक्षरं लिहिणारे होते. हात आणि यंत्र यांचं वैर नाही. यंत्राच्या मागे बसलेल्या माणसाला अक्षराची माया हवी.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्यावरचे फलक रात्री गाडीच्या उजेडात चमकतात, दुरून वाचता येतात, जीव वाचवतात. तिथं काकांचा ब्रश उपयोगाचा नाही, हे मला समजतं. माझं दुःख महामार्गाचं नाही. छत्रीचं आहे, पेटीचं आहे, लग्नाच्या भिंतीचं आहे. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी फलक उतरतो आणि पुढे सोयाबीनच्या गंजीवर पावसापासून झाकण म्हणून जातो. त्या घरातल्या लेकरानं आईबापाची नावं कुठं वाचायची?

म्हणून शाळांच्या भिंती रंगवताना मुलांना ब्रश द्या, असं मी ओळखीच्या प्रत्येक गुरुजींना सांगतो. प्रत्येकाला आपलं नाव एकदा तरी हातभर मोठ्या अक्षरांत, सुतळी झटकून लिहू द्या. वेलांटी वाकडी गेली तरी चालेल.

मागच्या दिवाळीत त्या शेजारच्या गावी जाणं झालं. ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली आहे. सरपंचांची यादी आता छापील आहे, सगळी नावं एका मापाची. जुना फळा विचारला तर शिपायानं कपाटामागून ओढून काढला. धूळ पुसली. काकांची शिरोरेघ अजून सरळ होती. त्या बाईंच्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी आलो तेव्हा मी बोटानं चाचपून पाहिलं. इनॅमलच्या गुळगुळीत रंगात तेवढीच जागा खरखरीत लागली. अंगठ्याच्या रेषा होत्या, सगळ्या.