मला धाप का लागते

मला खो-खो फार आवडतो. पण पाच-सहा मिनिटे पळले की मला खोकला येतो, आणि खेळून बसले की जास्तच येतो. छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं. श्वास सोडताना शीळ वाजते. अर्ध्या-एक तासाने बरे वाटते. म्हणून काही मुली म्हणतात, "ही नाटक करते." धाप सगळ्यांनाच लागते, पण तुमची बसल्यावर कमी होते. माझी बसल्यावर वाढते.

डॉक्टरीणबाईंनी मला एका नळीत जोरात फुंकायला लावले. नळीला काटा होता. मग मला अंगणात लई पळवले आणि थोड्या वेळाने परत फुंकायला लावले. काटा खालीच राहिला. तेव्हा आईला पटले.

बाई म्हणाल्या, नाकातून जाताना हवा गरम आणि ओली होते. पळताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. मग थंड, कोरडी हवा थेट छातीतल्या नळ्यांत जाते आणि काही मुलांच्या नळ्या आखडतात. म्हणून मला थंडीत सकाळी जास्त त्रास होतो. धुळीनेही होतो. विहिरीत पोहताना मात्र कमी होतो, कारण पाण्यावरची हवा ओलसर असते.

आता मी खेळाआधी पंधरा मिनिटे पंपाचे औषध घेते. आधी थोडे चालते, हळू पळते, मग जोरात. आजी म्हणाली, "पंपाची सवय लागंल, पोरीला खेळूच देऊ नका." बाई म्हणाल्या, "आजी, सवय लागत नाही. औषध थोडंच असतं, ते सरळ छातीत जातं. खेळ बंद करू नका." आजी अजून त्याला चिलीमच म्हणते.

गुरुजींनी सांगितले, अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सी यांना दमा होता. तरी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांनी २ सुवर्णपदके मिळवली, त्यातले एक लांब उडीचे.

माझा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. मला बोलता आले नाही तर तो काढून द्या, मला बसवा, निजवू नका, आणि गुरुजींना बोलवा. भोवती गर्दी करू नका. पंप घेऊनही बरे वाटले नाही किंवा ओठ निळे दिसले तर लगेच दवाखान्यात न्यायचे.

आणि केंद्राच्या सामन्यात मला पहिल्या तुकडीत पळायला घ्या. पहिली पाच मिनिटे मला काहीच होत नाही.