अफजलपूरच्या पद्मिनीचं पासिंग

अफजलपूर कुठं आलं, असं पुण्या-मुंबईत कुणी विचारलं की आपल्याकडचा माणूस "गाणगापूर ज्या तालुक्यात आहे ना, ते" असं सांगून मोकळा होतो. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण पादुका, माधुकरी मागणारे भक्त हे सगळं देवळाचं गाणगापूर. तालुक्याचं गाव मात्र साधं आहे. बाजारपेठ, तुरीची आणि ज्वारीची पोती, उसाच्या ट्रॉल्या आणि एकाच वाक्यात कानडी, मराठी, दखनी तिन्ही वापरणारी माणसं. उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर दुधनी, म्हणजे अक्कलकोट तालुका, म्हणजे महाराष्ट्र. पूर्वेला साठेक किलोमीटरवर कलबुर्गी, आपला जिल्हा. आजारी माणूस आणि लग्नाचा बस्ता सोलापूरला जातो, सातबारा (इथल्या भाषेत पहाणी) आणि कोर्ट कलबुर्गीला. मामांच्या मोटारीचंही तसंच झालं. तिचे पार्ट पश्चिमेला मिळायचे आणि कागद पूर्वेला.

मोटार म्हणजे 1974 ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला अजून 'फियाट' म्हणतात. ती बनली मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. आणि हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, 1882 चा जन्म. म्हणजे अफजलपुरातून बघितलं तर ही गाडी नात्यातलीच म्हणायची. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, समोरची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे पुढे तिघं सहज मावायचे. मुंबईत या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. मामांनी ती बातमी वाचून कात्री मागितली आणि कात्रण आरसी बुकात ठेवलं.

आता खरी अडचण. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला मोठा पूर आला. वरून पाणी सोडलं होतं, पाऊसही थांबत नव्हता, आणि अफजलपूर तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली. गाडी तेव्हा मळ्यातल्या शेडमध्ये होती. बॉनेटपर्यंत गढूळ पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर इंजिन जाम. ते दिवस करोनाचे, पार्ट मिळत नव्हते, सोलापूरची दुकानं आज उघडी तर उद्या बंद. गावातल्या मिस्त्रींनी तोडगा काढला. भंगारात निघालेल्या एका 118 एनईचं इंजिन आणून बसवलं. ही 118 एनईसुद्धा प्रीमियरचीच, 1985 मध्ये आलेली, पण तिचं इंजिन निसानचं, 1171 सीसी. त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्स आला, म्हणजे दांडा खाली. म्हणून बुडाचा पत्रा कापून भोक पाडलं. गाडी पहिल्यापेक्षा हलकी पळायला लागली. मिस्त्रींचं तत्त्वज्ञान सोपं होतं: "मालक, गाडी चालायला इंजिन लागतंय, कागद नव्हं."

कागद 2024 मध्ये लागला. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1974 च्या गाडीचं गणित 1989, 94, 99 असं करत 2024 वर येतं. आधीचं पासिंग 2019 मध्ये, म्हणजे पुराआधी, मूळ इंजिनावर झालेलं. आणि 2024 मध्येच गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नास वर्षांचं महत्त्व पुढे सांगतो.

मी बेंगळुरूहून सुट्टीला आलो होतो. 'वाहन' पोर्टलवर फॉर्म 25 भरून देणं एवढंच आपलं काम, असं घरात ठरलं होतं. फॉर्म दहा मिनिटांचा आहे. पण त्यात इंजिन नंबर आधीच भरून येतो. बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर बघितला, तर दोन्हींचा काही संबंध नाही. आमच्या धंद्यात याला डेटा जुळत नाही म्हणतात आणि कुणीतरी रात्री बसून दुरुस्त करतं. इथं मोटार वाहन निरीक्षक ब्लॉकवर पेन्सिल घासून ठसा घेतो आणि तो आरसीशी लावून बघतो.

मामांना वाटत होतं की दोन्ही इंजिनं एकाच कंपनीच्या गाड्यांची, मग हरकत काय? हरकत कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. बनवणाऱ्याने मुळात जो तपशील दिला त्याच्याशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवायला नियमांत वाट आहे. पण 1089 च्या जागी 1171 आणि वर जमिनीतून निघालेला गिअर, ही वाट कुठल्याच नियमात नाही. विनापरवाना बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीनंतर आहे. मला त्याहून जास्त धास्ती विम्याची होती. विम्याच्या कागदावरही जुनाच इंजिन नंबर. उद्या दुधनीच्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि भरपाईसाठी मळा विकायची पाळी आली तर ती मामांवर.

गंमत अशी की पीयूसीत गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. बीएस-2 च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना मर्यादा ढिली आहे. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत, हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत. बीएस-4 च्या गाडीला हेच आकडे 0.3 टक्के आणि 200 पीपीएम आहेत. सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो निघाला, कागद हातात. यंत्राला फक्त धुराचा वास कळतो, इंजिन कुणाचं ते कळत नाही. पीयूसी मिळाली म्हणजे गाडी कायदेशीर झाली, असं समजणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मग पन्नास वर्षांचा पर्याय. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, बिगर-व्यावसायिक दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आणि आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. ऐकून मामांची कळी खुलली. मी पुढचं वाचलं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली, आणि पेट्रोल भरणं व दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

"रॅली?" मामा म्हणाले, "अफजलपुरात रॅली निवडणुकीला निघते."

मला हा नियम मुंबई-दिल्लीच्या संग्राहकांसाठी चांगला वाटतो. त्यांच्याकडे गाड्या दहा-बारा असतात आणि रोज जायला दुसरी असते. मामांना दर पौर्णिमेला गाणगापूरला जायचं असतं, मामींना आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन. दिखाऊ पाटी लावून शेडमध्ये ठेवायची तर गाडी पुरात गेली असती तरी चाललं असतं, असं ते म्हणाले. आणि कापलेला पत्रा होताच. फियाटला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा बुडाला भोक म्हणजे बॉडीतला बदल, असा आक्षेप कुणीही घेऊ शकला असता.

तिसरा पर्याय नको असला तरी समोर होता. पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात. पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत तिथं किलोवर ठरते.

उरलं मूळ इंजिन. मिस्त्रींनी ते फेकलं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली, उंदरांच्या सहवासात, चार वर्षं पडलं होतं. ब्लॉकवरची माती खरवडली, डिझेलने पुसलं, आणि आरसीतला नंबर आकड्याला आकडा निघाला. मामांनी त्याला हात जोडले, हे मी डोळ्यांनी बघितलं.

इंजिन टेम्पोत घालून दुधनी, अक्कलकोटमार्गे सोलापूर. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला टेम्पोवालाही आमच्याबरोबर उतरला. सोलापुरात बोअरिंगचं काम करणारे जुने कारागीर अजून आहेत. सिलिंडर पुन्हा बोअर केले, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले. व्हॉल्व्हच्या सीटाही बदलून घ्या, असं कारागिराने सांगितलं, आणि कारण ऐकण्यासारखं होतं. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर बनली. शिशाचा थर व्हॉल्व्हची सीट झिजू देत नसे. 2000 साली देशभर शिसं बंद झालं, हवेच्या दृष्टीने फार चांगलं झालं, पण जुन्या सीटांचं संरक्षण गेलं.

दुसरी सूचना आमच्या तालुक्यातूनच निघालेली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण 2022 मध्ये 10 टक्के झालं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचलं. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. अफजलपूरच्या रस्त्यावर ज्या ट्रॉलीमागे आपण अर्धा तास रांगतो, तिच्यातलाच रस पुढे टाकीत येतो म्हणा. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला तो मानवत नाही, नळ्या फुगतात, चिरतात. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि कार्बुरेटरची गास्केटं नवी घातली. पद्मिनीला हा त्रास आपल्याच शिवारातून होतोय, यावर मामांना हसू आलं. त्यांचाही आठ एकर ऊस आहे.

गिअरचा मूळ दांडा मिळवायला सोलापूरला दोन चकरा झाल्या. बुडाच्या भोकावर पत्रा वेल्ड केला. इंजिन पहिल्या दिवशी सुरू झालं, पण पीयूसीत नापास. हायड्रोकार्बन मर्यादेच्या वर. म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर येतंय. मिस्त्रींनी पॉइंटची गॅप बघितली, टॅपेट लावले, कार्बुरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसले. रिंगा बसायला आधी दोन-तीनशे किलोमीटर चालवा, म्हणाले. पासिंगची मुदत संपत आलेली, म्हणून सगळे किलोमीटर आठवड्यात करायचे होते. मग आम्ही गाणगापूर, घत्तरगीची भाग्यवंती, परत गाणगापूर असे देवदर्शनात पूर्ण केले. मामींच्या मते पीयूसी त्यानेच मिळाली. माझ्या मते रिंगा बसल्या. दुसऱ्या खेपेला दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले, निसानच्या इंजिनाइतके कमी नाही, पण आत.

कलबुर्गीला पहाटे निघालो. सकाळच्या उन्हात तुरीच्या रानातून जाणारा तो रस्ता आपल्या भागातला सगळ्यात सुंदर आहे, निदान पाऊस झालेल्या वर्षी. केए-32 चं कार्यालय उघडायच्या आधी आम्ही रांगेत होतो. निरीक्षकांनी हॉर्न, दिवे, वायपर, ब्रेक, टायर बघितले. बॉनेट उघडायला सांगितलं. पेन्सिल, कागद, ठसा. आरसीवर नजर. मामा त्या वेळात दुसरीकडे बघत उभे होते, मुलाचा निकाल लागताना उभं राहावं तसे. वेल्ड केलेल्या पत्र्यावर बूट टेकवून निरीक्षकांनी विचारलं, इथं काय झालं होतं? "पूर," मामा कानडीत म्हणाले. एवढ्यावर भागलं.

नूतनीकरणाचं शुल्क त्या वेळी 5,000 रुपये होतं, हरित कर वेगळा. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या मोटारींना तेच 10,000 झालं आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी हिशेबात धरावं.

सीमेवरच्या घरांसाठी आणखी एक. आपल्याकडे एमएच-13 ची गाडी अफजलपूर, आळंद, बसवकल्याणला वर्षानुवर्षं फिरत असते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्याला मूळ कार्यालयाची एनओसी लागते. कर्नाटकाने 2014 मध्ये तीस दिवसांनंतरच आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती तरतूद रद्द केली. पण बारा महिने ते बारा महिनेच. जुनी गाडी असेल तर एनओसीला पाठवण्याआधी बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर आरसीशी एकदा ताडून बघा. निम्म्या घरांत आजोबांच्या काळात कुणी, कुठलं इंजिन बसवलं हे आज कुणालाच सांगता येत नाही.

मामांच्या आरसीवर आता 2029 आहे. पीयूसी सहा महिन्यांची, ती काढायला ते पौर्णिमेचाच मुहूर्त धरतात. निसानचं इंजिन गोणपाटाखाली आहे. एक जण मळ्यातल्या पंपासाठी विकत मागायला आला होता. मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.