अंगठ्यातली मालगाडी

आधी ऐकू येतो तो ठेका. गिटारच्या जाड तारांवर धरलेला, एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, घाई नाही की थकवा नाही. आणि त्या ठेक्याच्या अंगाखांद्यावरून हलक्या पावलांनी निघालेली बारीक तारांची चाल. रात्री निजानीज झाली की मी हे गाणं लावते. आवाज मोठा करावा लागत नाही. गाणारी बाई साठीच्या पुढची आहे, आवाजाला किंचित कंप आहे, श्वास कुठे कुठे अपुरा पडतो. पण गाणं मात्र अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीनं रचलेलं आहे, आणि ती मुलगी म्हणजे हीच. एका आयुष्याची दोन टोकं एकाच गळ्यातून ऐकू यावीत, तशी ती इथे ऐकू येतात. मन भरून येतं.

एलिझाबेथ कॉटन तिचं नाव. गाणं ‘फ्रेट ट्रेन’, मालगाडी.

ती डावखुरी होती. घरात होता तो थोरल्या भावाचा बँजो, उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेला. भाऊ कामावर गेला की ही तो हळूच बाहेर काढायची, आणि तारा बदलायची सोय नसल्यामुळे वाद्यच उलटं धरायची. मग जगातले बाकीचे वादक जे काम अंगठ्याला देतात ते तिच्या बोटांनी उचललं, आणि बोटांचं काम अंगठ्याकडे आलं. खर्ज बोटाकडे, चाल अंगठ्याकडे. पुढे स्वतःची गिटार आली तीही तशीच उलटी. ती गिटार तिनं आपल्या कमाईतून घेतली होती: लोकांच्या घरी कामाला जाऊन महिन्याला मिळायचे ७५ सेंट, आणि गिटारची किंमत होती ३ डॉलर ७५ सेंट. आज गिटार शिकणारे या शैलीला ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात आणि तासन् तास घोटतात. तरीही अंगठ्याच्या मांसल कडेनं बारीक तार दाबून सोडल्यावर जो गोल, मऊ, थोडा रेंगाळलेला सूर तिच्याकडे निघतो, तो ऐकला की कळतं, हा हात आणि ही गिटार लहानपणीच एकमेकांना सापडली होती.

उत्तर कॅरोलायनातल्या चॅपल हिलला लागून कारबरो नावाचं गाव आहे. १८९३ साली ती तिथे जन्मली. घराजवळून रूळ जायचे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गाडीची चाहूल लागते, मग जमिनीत बारीक थरथर, मग डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, आणि शेवटी तो खडखडाट दूर जाताना नेमका कुठे थांबला हे कधीच सांगता येत नाही. कान त्याच्या मागे चालत राहतात. तिच्या गाण्यात हे सारं आहे. निघून जाण्याची ओढ आहे, आणि मरणानंतरही गाडी ऐकू यावी असा एक भाबडा हट्ट आहे. एवढ्या लहान वयात मरणाशी इतकं सलगीनं बोलायला ती कुठे शिकली असेल?

माझी लेक त्या भागात राहते. तिच्याकडे गेले की संध्याकाळी आम्ही मायलेकी रुळांना लागून असलेल्या सायकलवाटेवर फिरायला जातो. त्या वाटेला गावानं एलिझाबेथचंच, ‘लिबा कॉटन बाइकवे’ असं नाव दिलं आहे. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा बरं वाटलं. मग गावाच्या नावाचा विचार आला आणि पाय जड झाले. कारबरो हे नाव ज्युलियन कार या गिरणीमालकाचं. १९१३च्या जूनमध्ये जवळच्याच विद्यापीठात, गुलामी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा उभा राहिला, तेव्हा याच गृहस्थांनी भरसभेत अभिमानानं सांगितलं होतं की आपण एका काळ्या स्त्रीला चाबकानं फोडून काढलं होतं. एलिझाबेथ तेव्हा विशीत होती, त्याच परिसरातल्या काळ्या घरांतली एक. तो पुतळा २०१८ साली लोकांनी पाडला. गावाचं नाव तेच आहे. गाव त्याचं आणि वाट तिची, हा हिशेब मला अजून पचत नाही.

आणि तिचं नाव तर तिनं स्वतःच घेतलेलं. घरात तिला लाडाच्या हाकेनंच बोलवायचे. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तेव्हा त्या चिमुरडीनं तिथल्या तिथे सांगून टाकलं: एलिझाबेथ.

मग लग्न झालं, लेक झाली, आणि चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं की ही ऐहिक गाणी आता सोड. तिनं सोडली. किती वर्षं! केर काढताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ती बोटं काय करत असतील?

पुढे ती वॉशिंग्टनला आली. तिथल्या लॅन्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात कामाला असताना एक हरवलेली मुलगी तिला दिसली, तिनं तिला आईजवळ पोचवलं. ती मुलगी पेगी सीगर आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर, नामवंत संगीतरचनाकार. ओळख वाढली आणि एलिझाबेथ त्यांच्याकडे घरकामाला जाऊ लागली. घरातल्या धाकट्या मुलीनं तिच्या नावाचं ‘लिबा’ करून टाकलं.

त्या घरातल्या स्वयंपाकघराचा विचार माझ्या मनातून जात नाही. रूथबाई काय करत होत्या? खेड्यापाड्यांतून, तुरुंगांतून, शेतांतून ध्वनिमुद्रित करून आणलेली लोकगीतं पुन्हा पुन्हा ऐकून, त्यातलं प्रत्येक वळण, प्रत्येक ओढ कागदावर उतरवत होत्या. मोठं, प्रेमाचं, निष्ठेचं काम. आणि भिंतीपलीकडे रात्रीचं जेवण रांधणाऱ्या बाईच्या बोटांत तसलीच गाणी निजलेली होती. कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. एके दिवशी पेगीला ती भिंतीवरची गिटार काढून वाजवताना दिसली, उलटी धरून. माणसं वाईट नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनीच पुढे तिला जगासमोर आणलं, पेगीचा भाऊ माइक सीगर यानं तिच्या घरी बसून ध्वनिमुद्रण केलं, आणि १९५८ साली फोकवेज कंपनीनं तिची तबकडी काढली. पण इतक्या प्रेमळ घरातही पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्यामध्ये एक भिंत असते, आणि अमेरिकेत त्या भिंतीला रंगही होता.

तबकडी निघेपर्यंत गाणं समुद्र ओलांडून गेलं होतं. पेगीनं ते इंग्लंडमध्ये गायलं. तिथे तेव्हा स्किफल या संगीतप्रकाराची लाट होती. त्या लाटेतलं सर्वांत गाजलेलं ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणंसुद्धा आर्कान्सातल्या काळ्या कैद्यांच्या तोंडून, १९३४ साली तुरुंगात टिपलेलं. १९५७ मध्ये चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की यांनी ‘फ्रेट ट्रेन’ गाजवलं, आणि रचनाकार म्हणून नावं लागली दोन ब्रिटिश गृहस्थांची. कारबरोच्या रुळांजवळ कान लावून झोपणारी मुलगी त्या कागदावर कुठेच नव्हती. सीगर कुटुंबानं पाठपुरावा केला, शेवटी हक्क तिला मिळाले. तरी नंतरही कित्येक ठिकाणी जुनीच नावं छापली जात राहिली.

तिचं निदान एवढं तरी झालं. आर्थर क्रूडप या काळ्या गायकाचं तेही नाही. १९४६ साली त्यानं गायलेलं ‘दॅट्स ऑल राइट’ १९५४ साली मेम्फिसमध्ये कोवळ्या एल्विसनं गायलं आणि तिथून एक युग सुरू झालं, असं सगळे सांगतात. क्रूडप मात्र व्हर्जिनियात शेतमजुरांत राबत राहिला आणि मानधनासाठी भांडता भांडता १९७४ साली गेला. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेच्या ‘हाउंड डॉग’चा दणका १९५३चा, आज ते नाव काढलं की डोळ्यांसमोर एल्विसच उभा राहतो. एल्विसला या गाण्यांचा मनापासून लळा होता, याबद्दल मला शंका नाही. लळा असूनही पावतीवर नाव चुकू शकतं, नव्हे, चुकतंच, जेव्हा पावती फाडणारे, नभोवाणीवर वाजवणारे आणि दुकानात विकणारे सगळे एकाच रंगाचे असतात. पैसा गेला हे दुःख आहेच. पण मला जास्त लागतं ते हे, की माणसाचं बालपण, त्याची रात्र, त्याच्या कानातला खडखडाट दुसऱ्याच्या नावावर चढतो, आणि ऐकणाऱ्याला कधी चुकल्यासारखंही वाटत नाही.

लिबाबाईंनी कडवटपणा धरला नाही. साठी ओलांडल्यावर रंगमंचावर आल्या, नव्वदीपर्यंत गात राहिल्या. गाण्याच्या कमाईतून सिराक्यूजमध्ये स्वतःचं घर घेतलं. १९८५ साली ग्रॅमी मिळालं. १९८७ साली गेल्या.

त्यांची दुसरी तबकडी १९६७ची. तिच्यावरचं ‘शेक शुगरी’ हे गाणं घरातल्या पणतवंडांना निजवताना तयार झालं. चाल लिबाबाईंची, आणि कडवी त्या मुलांनी जोडलेली. एकानं हे म्हणायचं, दुसऱ्यानं ते. मुद्रणाच्या वेळी त्या स्वतः गायल्या नाहीत. त्यांनी गिटार घेतली, अंगठ्यानं चाल धरली, आणि गायला पुढे केलं एका शाळकरी पणतीला. कोवळा, सरळ, थोडा लाजरा आवाज. तबकडीवर तिचं नाव छापलं आहे, ब्रेंडा एव्हान्स.