पन्हाळ्यावरची शाकारणी

पन्हाळा पाहून आलेल्या माणसाला विचारा, की बाबा रे, काय काय पाहिलेस? तो तीन दरवाजा सांगेल, अंधारबाव सांगेल, सज्जाकोठीवरचा वारा सांगेल आणि झुणका-भाकरीबरोबर खाल्लेल्या मडक्यातल्या दह्याचे वर्णन तर गडाच्या वर्णनापेक्षा लांब करील. पण तिथल्या घरांविषयी तो अवाक्षर काढायचा नाही. त्याला ती दिसलेलीच नसतात. वास्तविक कोल्हापुरापासून वीस किलोमीटरवरचा हा गड म्हणजे नुसता गड नव्हे. ते नांदते गाव आहे. तीन हजारांच्या आसपास वस्ती, शाळा, कचेऱ्या, बाजार आणि या सगळ्यावर एक गिरिस्थान नगरपरिषद. आपण ज्या दरवाजासमोर उभे राहून फोटो काढतो, त्याच दरवाजावरून कोणाचे तरी पोर रोज दप्तर घेऊन शाळेला जात असते.

या गावात चार दिवस राहण्याचा योग मला यंदा मे महिन्याच्या अखेरीस आला. आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याचे मामा तिथे राहतात. निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मला जायचे होते ते मोरोपंतांसाठी. आर्येचा हा सम्राट १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मला. आयुष्य बारामतीत काढले खरे, पण मराठी शिकवणाऱ्या बाईने जन्मस्थळी एकदा तरी जाऊन यावे, एवढाच माझा साधा हेतू. मोरोपंत राहिले बाजूला आणि मी गुंतले एका भिंतीत.

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले, हे वाचकांच्या लक्षात असेलच. मी पोहोचले त्या रात्री असा काही कोसळला, की काकूंनी एकामागून एक भांडी माजघरात मांडायला सुरुवात केली. आधी परात, मग घमेले, मग दोन पातेली. "तुम्ही कडेला झोपा हं बाई, मधल्या वाशाखाली नको," असे त्या अगदी सहज म्हणाल्या. रात्रभर वेगवेगळ्या सुरांत थेंब वाजत होते. सकाळी पाहिले तर परसदाराकडची भिंत कमरेपर्यंत ओली, मातीचे पोपडे सुटलेले आणि बाहेरून तिला दोन टेकू दिलेले.

घर जुने आहे. जोते जांभ्याचे, भिंती मातीच्या, वर मंगलोरी कौले. गुरुजींच्या आजोबांनी बांधलेले. कौले दरसाल पावसाआधी चाळून घेतात, फुटकी बदलतात. ती शाकारणी यंदा पाऊस आधी आल्यामुळे राहिली. पण खरे दुखणे शाकारणीपुरते उरलेले नाही. चार वासे आणि एक तुळई कुजली आहे, आणि मागची भिंत उतरवून नव्याने घातल्यावाचून गत्यंतर नाही.

"मग घालून टाका की गुरुजी!" मी म्हटले.

गुरुजी हसले. "बाई, माझ्या दारापासून तटबंदी किती लांब आहे, मोजा बघू."

मोजण्याजोगे अंतरच नव्हते. परसातल्या फणसापलीकडे तट दिसत होता.

इथे थोडा कायदा सांगावा लागणार; वाचकांनी कंटाळू नये. प्राचीन स्मारकांच्या जतनाचा केंद्राचा कायदा आहे १९५८ चा. २०१० साली त्यात दुरुस्ती झाली. ("कायद्याला दुरुस्ती चालते, घराला तेवढी चालत नाही," इति गुरुजी.) या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचा टापू निषिद्ध आणि त्यापुढचा आणखी दोनशे मीटरचा नियंत्रित. निषिद्ध टापूत नवे बांधकाम नाही. जुने, म्हणजे १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल, तर त्याची डागडुजी व नूतनीकरण अर्ज करून करता येते. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, तो पंधरा दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, ते दोन महिन्यांत आपले मत कळवते, मग आणखी एका महिन्यात निकाल. हा झाला कागदावरचा हिशोब. परवानगीवाचून काम काढलेत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातली मेख अशी, की डागडुजी चालते, पण पुनर्बांधणी चालत नाही. लांबी-रुंदी-उंची होती तेवढीच ठेवून घर पुन्हा उभारणे, याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो. ती नियंत्रित टापूत परवानगीने करता येते, निषिद्ध टापूत नाही. म्हणजे गुरुजींचे घर उभे आहे तोवर त्याला हात लावण्याची परवानगी मागता येईल. ते पडले, की तिथे घर होते ही आठवण तेवढी उरेल. पाऊस आणि परवानगी यांची ही शर्यत आहे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस काय वेगाने धावतो ते मी परातीत पाहिले होते.

मला शब्दांची खोड. आपल्या भाषेत शाकारणी वेगळी, डागडुजी वेगळी, दुरुस्ती वेगळी आणि जीर्णोद्धार तर त्याहून वेगळा. कुजका वासा काढून नवा घातला तर ती डागडुजी. चार वासे आणि भिंत? सगळे वासे आणि दोन भिंती? घर नेमके कोणत्या वाशाला जुने राहत नाही? गवंड्याला हे विचारले तर तो खुळ्यासारखा पाहील. पण अर्ज लिहिणाऱ्याला याचे उत्तर द्यावेच लागते, तेही नकाशासह.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली आणि गुरुजींनी मला गड दाखवला. त्यांची दाखवण्याची तऱ्हा वाटाड्यांहून वेगळी होती. कोणी लढले यापेक्षा कोणी काय बदलले, हे ते सांगत होते. मूळ गड शिलाहार दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. मग यादव, बहामनी, आदिलशाही. तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे तो आदिलशाहीतला. १६५९ च्या नोव्हेंबरात शिवाजीमहाराजांनी गड घेतला, १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ते इथूनच निसटले, आणि १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी तो परत मिळवला. ताराबाईंनी इथे राजधानी केली. १७८२ साली ती कोल्हापुरास गेली. ताराबाईंचा वाडा पुढे शाळा, वसतिगृह, कचेऱ्या अशा अनेक कामी आला. जो आला त्याने एखादा बुरूज वाढवला, एखादी कमान घातली, एखादे दार बुजवले. आपण ज्याला 'जुना पन्हाळा' म्हणतो, तो सहा-सातशे वर्षांच्या फेरफारांचा थर आहे.

अंबरखान्यात मात्र मी गुरुजींचेही बोलणे विसरले. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिन्ही कोठारांची नावे. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. आत गेलात की थंडावा, अंधार, वर घुमटामागून घुमट, आणि आपलाच आवाज आपल्याकडे उशिरा परत येतो. या भिंतींना टेकून कोणी उपाहारगृहाची शेड ठोकली असती तर? पन्हाळ्यावर बाहेरून आलेल्यांच्या बंगल्यांचे आणि लॉजांचे पीक पाहिल्यावर ही शंका खुळी वाटत नाही. कौलारू घरांमधून निळ्या पत्र्याचे मजले वर आले आहेत, त्यांवर घराहून मोठ्या पाट्या आहेत. कायदा नसता तर कोठीवरसुद्धा 'रूम्स उपलब्ध' दिसले असते. तेव्हा मला कायद्याचा राग नाही, हे इथे नमूद करते.

पण चार दरवाजाच्या जागी गुरुजी मुद्दाम थांबले. तिथे आता दरवाजा नाही, रस्ता आहे; तुमची-आमची मोटार तिथूनच वर येते. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले, इंग्रजांनी डिसेंबरच्या पहिल्या तारखेस गड जिंकला आणि पुन्हा बंड होऊ नये म्हणून हा भक्कम दरवाजा पाडून टाकला. "गडाची एवढी मोठी मोडतोड गावकऱ्याने कधी केली नाही," गुरुजी म्हणाले. "सरकारने केली. आणि आता वासा बदलायला सरकार मला विचारते, की तुमचा हेतू काय?"

याच रस्त्याची दुसरीही गोष्ट आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो खचला आणि वाहतूक बंद पडली. गडाचा माथा जांभ्याचा. पाणी आत मुरते आणि कड्याकडेने वाट काढते. ज्या डोंगराची कडच सुटते, तिथे मातीची भिंत किती दिवस दम धरणार?

बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ चहा घेताना या विषयाला तोंड फुटले आणि मग ते मिटेना. चहावाल्याचे म्हणणे, "मॅडम, पावसाळा काय अर्ज बघून येतोय व्हय?" शेजारच्या बाकावरचा एक तरुण वाटाड्या उसळून म्हणाला, "मोकळं सोडा म्हणजे काय होईल ठाऊक आहे? सगळे स्लॅब टाकतील, तीन-तीन मजले चढवतील. गड बघायला लोक येतात, लॉज बघायला न्हाईत." लॉजचे एक मालक तिथेच होते, ते शांतपणे म्हणाले, की लोक गड बघतात दोन तास आणि झोपतात आठ. यावर सगळे हसले. पण चहावाला हसला नाही. त्याच्या चुलत्याचे घर दोन पावसाळ्यांपूर्वी बसले आणि तो संसार आता खाली कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत आहे.

मला त्या बाकावर एक गोष्ट कळली. स्लॅबवाल्याला दम निघतो. त्याच्याकडे पैसा, नकाशे काढणारा माणूस, कचेरीत हेलपाटे घालणारा माणूस आहे. परवानगीच्या वाटेत पडतात ती मातीची, कौलाची, खरी जुनी घरे. म्हणजे ज्यांच्याकडे पाहून गावाला जुने म्हणावे, तीच आधी जातात.

मोरोपंतांनी रामायण एकशेआठ वेळा लिहिले अशी प्रसिद्धी आहे, आणि त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. त्यात प-वर्गातले एकही ओष्ठ्य अक्षर येत नाही. त्या रात्री गुरुजी अर्जाचा मसुदा लिहीत बसले होते. 'नवीन' शब्द नको, 'बांधणे' नको, 'वाढ' तर नकोच. मी म्हटले, "गुरुजी, हे तुमचे निरोष्ठ रामायण चालले आहे." ते इतके हसले, की काकू आतून काय झाले म्हणून पाहायला आल्या. त्यांनी कारण ऐकले आणि म्हणाल्या, "त्यांत रावण कोण ते तरी ठरवा आधी."

रावण ठरवणे कठीणच होते, कारण घरातही एकमत नाही. मुलगा पुण्यास असतो. त्याचे म्हणणे, परवानगी मागायचीच तर एकदा सिमेंटचे पक्के करून घेऊ, दरसाल कौले चाळायला वर कोण चढणार? नाहीतर विकून टाका आणि पुण्याला चला. त्याचे चुकते असे कोणी म्हणावे? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने आढ्यावर चढू नये, हे मलाही वाटते. गुरुजींचे म्हणणे, स्लॅब टाकली तर खात्याने आम्हांला हाकलावे, ते बरोबरच ठरेल. मग इथे आणि खालच्या उपनगरात फरक तो काय? काकूंना कोरडे स्वयंपाकघर हवे आहे. मला विचाराल तर तिघांमध्ये न्याय्य मागणी तीच.

मी परतले आणि ११ जुलै २०२५ रोजी बातमी आली. पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा गड जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यांत आहे. आपण सर्वांनी पेढे वाटले ते योग्यच. पण नामांकनाच्या दिवसांत गडावर धास्ती होती, की आता आपल्याला उठवणार. वस्तुतः यादीत जाण्याने नवा कायदा लागू होत नाही, जुनाच चालतो. साल्हेर उघडा डोंगर आहे, खांदेरी समुद्रात आहे, सिंधुदुर्गात थोडी कुटुंबे नांदतात. पण शाळा-बाजारासह आख्खे गाव अंगावर वागवणारा गड त्यांत मला तरी पन्हाळाच दिसतो. त्याला साल्हेरचा नियम लावून कसे भागेल? कौलारू घराच्या डागडुजीचा एक साधा, आधीच मंजूर नमुना करावा. माती, चुना, लाकूड, कौल यांत काम करणाऱ्याला पावसाआधी तिथल्या तिथे होकार मिळावा, आणि सिमेंटवाल्याने खुशाल दिल्लीची वाट पाहावी. मी भाषेची बाई, स्थापत्यातले मला कळत नाही. पण वेलांटी दुरुस्त करायला आपण सबंध पुस्तक छापखान्यातून परत मागवत नाही.

अनंत चतुर्दशीनंतर गुरुजींचा फोन आला. अर्ज गेला आहे. सोबत प्रत्येक भिंतीचे फोटो जोडले आहेत. ते गणपतीला आलेल्या मुलानेच काढले. भिंत उभी आहे, टेकू दोनाचे चार झाले. आणि कोल्हापुरात एक वाडा पाडला, त्याची आठशे जुनी कौले स्वस्तात मिळाली. ती टेम्पोने गडावर आणून त्यांनी परसात फणसाखाली रचून ठेवली आहेत. फुटकी वेगळी काढली, चांगली वेगळी. काकूंनी त्यांवर जुने ताडपत्रीचे फडके टाकले आहे.