मोमोतारोचें कलंकित सौंदर्य

हेतु वाईट आणि हात कसबी, असा योग जुळून आला म्हणजे रसिकाची मोठी पंचाईत होते. मित्सुयो सेओ या दिग्दर्शकाचा ‘मोमोतारो : समुद्राचे दैवी सैनिक’ हा जपानी बोलपट अशीच पंचाईत करतो. जपानी नौदलाच्या सांगण्यावरून शोचिकु कंपनीनें तो काढला आणि एप्रिल १९४५ मध्यें प्रदर्शित केला. सुमारें ७४ मिनिटांचा हा पट म्हणजे हलत्या रेखाचित्रांचा जपानमधील पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. युद्धानंतर तो नष्ट झाला असेंच लोक समजत. पण १९८३ सालीं शोचिकूच्या गोदामांत त्याची मूळ फीत सांपडली. आज त्याची बोळवण बहुधा ‘प्रचारपट’ या एका शब्दानें केली जाते. तो शब्द खरा आहे. पण पुरेसा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

दोष आधीं सांगून टाकूं. कुत्रा, माकड आणि रानकोंबडा यांना घेऊन राक्षसांचें बेट जिंकणारा मोमोतारो हा जपानी लोककथेंतला नायक. येथें तो सेनापति झाला आहे आणि राक्षस म्हणजे डोक्यावर शिंग असलेले इंग्रज. लढाई घाईघाईनें उरकली आहे. शरणागतीच्या प्रसंगीं इंग्रज अधिकारी चांचरत बोलतात. ती फेब्रुवारी १९४२ मधील सिंगापूरच्या शरणागतीची कुचेष्टा आहे. मोमोतारो स्वतः तर लांकडी बाहुलाच. शेवटीं गांवांतलीं पिलें जमिनीवर काढलेल्या अमेरिकेच्या नकाशावर उड्या मारतात, तें पाहून कोणाहि आईबापाच्या अंगावर कांटा यावा.

परंतु याच पटाचा पहिला भाग पाहा. रजेवर आलेले सैनिक आपल्या डोंगराळ गांवीं परततात. माकडाचा धाकटा भाऊ दादाच्या टोपीशीं खेळतो. मग माळावरचीं फुलें वाऱ्यानें विसकटतात, आणि आपल्याकडे मुलें जिला ‘म्हातारी’ म्हणतात तसलीं पांढरीं बीजें हवेंत तरंगूं लागतात. तीं पाहतां पाहतां माकडाला छत्रीधारी सैनिक आठवतात. पुढें खरोखरीचे सैनिक विमानांतून उतरतात, तेव्हां तेहि तसेच हलके, शुभ्र आणि निरागस दिसतात. कल्पना अप्रतिम आहे, आणि कपटहि तिच्यांतच आहे. मरण घेऊन उतरणाऱ्या माणसाला चित्रकारानें फुलाचें रूप दिलें आहे.

अक्षरांच्या गाण्याचें तसेंच. दक्षिणेकडील बेटावरच्या प्राण्यांना सैनिक जपानी मुळाक्षरें शिकवितात. आधीं गोंधळ, मग युजि कोसेकीची चाल सुरू होते आणि सारें रान अ-इ-उ-ए-ओ म्हणत कामाला लागतें. हा क्रम तर आपल्याच वर्णमालेवरून बसविलेला. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृताध्ययनाबरोबर तो जपानांत गेला. आमच्या घरांतील आठ वर्षांचा मुलगा ठेका धरून बसला आणि गाणें संपतांच पुन्हां लावा म्हणाला. आम्ही लावलेंहि. पण दुसऱ्या वेळीं आमचें लक्ष गाण्यापेक्षां त्या प्राण्यांकडे होतें. शाळा भरण्यापूर्वीं त्यांना स्वतःची बोली असेलच कीं! ती कोठें गेली, हें गाणें विचारूंच देत नाहीं. जेत्याची भाषा इतक्या गोड सुरांत आली, म्हणजे आपलें कांहीं गेलें हें कळावयासहि उशीर लागतो.

म्हणून, कला वेगळी आणि हेतु वेगळा, ही सोईची वांटणी आम्हांस मान्य नाहीं. येथें सौंदर्य हेंच असत्याचें वाहन आहे. पण वाहनांतून कोण काय उतरवून घेईल, हें मालकाच्या हातीं नसतें. एप्रिल १९४५ मध्यें ओसाका शहरांत सोळा वर्षांच्या ओसामु तेझुकानें हा पट पाहिला आणि आपणहि असेंच कांहीं निर्माण करावें असा निश्चय केला. पुढें तो जपानी चित्रकथांचा अध्वर्यु झाला. त्याच्या १९६५ सालच्या सिंहाच्या कथामालेंत त्या अक्षरगीताचा प्रतिध्वनि आहे. म्हातारी त्यानें झेलली. नकाशावर मात्र उडी मारली नाहीं.

प्रत्येक मूल तेझुका नसतें, हेंहि खरेंच. तेव्हां हा पट जाळूं नये, लपवूं नये आणि डोक्यावरहि घेऊं नये. मुलांना दाखवावयाचा तर अवश्य दाखवावा. मात्र वडील माणसानें शेवटपर्यंत शेजारीं बसावें आणि तो नकाशा आला म्हणजे पट थांबवून मुलांशीं बोलावें.