झिजायचं कुणी

आमच्या बैलगाडीत सगळ्यात स्वस्त काय होतं, तर चाकाच्या तुंब्यात ठोकलेला लोखंडी बुश. आस जागचा हलत नाही, चाक त्याच्यावर फिरतं. मधे बुश नसला तर आस तुंब्याचं लाकूड खात जाणार, भोक वाढणार आणि चाक डुगडुगणार. म्हणून लाकूड वाचवायला हा वीतभर नळकांड्यासारखा तुकडा. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, त्यात तेलात भिजलेल्या चिंध्या. भाताचे भारे नाहीतर गवत भरून निघायच्या आधी बाबा ओरडत, "बैलाला पाणी दाखवलंत, आता चाकाला वंगण दाखवा." चाक करकरलं की गाव हसे.

१९७९ साली दहावी झाली. घरची भातशेती चार तोंडांना पुरेना. बोईसरला तारापूर एमआयडीसीत शेडवर शेड उभ्या राहत होत्या. तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो. उमरोळीच्या बाजूने सायकल मारत जायचं, रात्रपाळी करून यायचं आणि दिवसा शेत.

मिलमध्ये हजार अंशांच्या वर तापलेला लाल लोखंडी ठोकळा दोन रोलांच्या मधून दाबून काढतात. परत दाबतात, परत काढतात, शेवटी सळई होते. रोल बिडाचे, वजनदार. त्यांच्या दोन्ही टोकांना म्हणतात मान, आणि सगळा दाब त्या मानेवर. ही मान कशावर टेकलेली असेल? मला वाटलं, चांगलं पोलाद असणार. मिस्त्रींनी माझ्या हातात एक तपकिरी, अर्धगोल तुकडा दिला. लाकडासारखा दिसे, लाकडापेक्षा जड.

"कशाचा सांग."

मला येईना.

"कापडाचा," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. सुती कापडाचे थर रसायनात भिजवून, तापवून, प्रचंड दाबून ही गादी बनवतात. कामगार तिला नुसतं 'फायबर' म्हणत. ते रसायन बेकेलाइटच्या जातीचं. जुनी काळी विजेची बटणं आठवतात ना, तेच बेकेलाइट. बेकलंड नावाच्या माणसानं ते १९०७ साली अमेरिकेत शोधलं. पूर्वी मानेखाली गनमेटलच्या गाद्या असत, त्यांना ग्रीस लागे आणि त्या वीजही जास्त खात. फायबरला तेल नको, ग्रीस नको. नळीतून पाण्याची धार सोडली की झालं. पाणीच त्याचं वंगण.

पण ते पाणी क्षणभरही अडता कामा नये. एकदा भर पावसात गाळानं नळी तुंबली. कापड जळल्यासारखा वास आला आणि मिस्त्रींनी मिल बंद केली. फोरमन धावत आला. "भट्टीत माल आहे, तेवढा काढा, मग बघू." मिस्त्री हलले नाहीत. काळी पडलेली गादी त्यांनी त्याच्यासमोर धरली. "ही गेली तर दुसरी बसवीन. रोलची मान गेली तर काय बसवू?" फोरमननं त्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. दुसऱ्या दिवशी मिल चालू होती.

जेवताना ते मला म्हणाले, "झिजायचं कुणी, हे मशीन बनवणारा आधीच ठरवतो. जे स्वस्त नि बदलता येतं, तेच मुद्दाम नरम ठेवतो. आपलं काम एकच. दर सुट्टीला त्याची जाडी बघायची."

मी मिलमध्ये असताना शेत बायकोनं ओढलं. चाळीस पावसाळे ती चिखलात वाकून लावणी करत होती. मग ओटा चढताना भिंत धरायला लागली. पालघरला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन हाडांच्या मधे फट असायला हवी, ती नव्हतीच. हाडावर हाड. मधली कूर्चा, आपण जिला गादी म्हणतो, ती संपलेली. ती गादी पूर्वीसारखी भरून येत नाही.

त्यांनी नकली गुडघा दाखवला. वर धातू, खाली धातू, मधे पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती. मी हातात घेऊन बघितली. तारापूरला बाटल्या वाहणाऱ्या पट्ट्यांच्या साखळीखाली याच जातीच्या पांढऱ्या पट्ट्या असतात. जॉन चार्नली नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १९६२ साली हे प्लॅस्टिक खुब्याच्या सांध्यात वापरलं, मग ते गुडघ्यातही आलं. २०१७ साली सरकारनं या नकली गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणून आमच्यासारख्याला विचार तरी करता आला.

बायकोनं डॉक्टरांना एकच विचारलं, "हे पण झिजेल ना?"

"झिजेल. पण पंधरा-वीस वर्षं जातील, जपलंत तर."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "अहो, नवा गुडघा घेऊन परत चिखलातच घालायचा असेल, तर मला नको तो."

"मजूर लावू."

"त्या बायांना गुडघे नाहीत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी नेरळला सगुणा बागेत गेलो. भडसावळ्यांनी तिथे भाताची वेगळी पद्धत बसवली आहे. चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडायची आणि त्यात बी टाकायचं. पीक कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची, नांगरायचं नाही.

पहिल्या वर्षी अर्ध्याच शेतात केलं. गावातले हसले, चाक करकरल्यावर हसत तसेच. तणानं सतावलं, पण भात आला. ऑपरेशन त्यानंतर झालं. आता पेरणीला ती काठी टेकत बांधावर येते. साचा मी दाबतो, शेजारच्या दोघी बी टाकतात. कुणी फार वेळ वाकून राहिली की ही बांधावरून हाक मारते, "ए, उठ गं. पाय मोकळे कर जरा."