दोन मिनिटांचें विमान

अंतर कोसांनीं मोजावें कीं काळानें, हा प्रश्न आम्हांस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहांत पडला. वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, म्हणजे कोसाहूनहि कमी. १९६७ पासून तेथें विमान जातें. वेळापत्रकांत दोन मिनिटें लिहिलेलीं. अनुकूल वाऱ्यांत ५३ सेकंदांतहि हा पल्ला गांठला गेला आहे! आम्ही कमरेचा पट्टा नीट बसवितों न बसवितों तोंच पैलतीर आलें.

प्रवाशांस ही मौज. बेटावरील लोकांस मात्र ती गरज. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराहूनहि कमी. मध्यें पूल नाहीं; नाव आहे, परंतु समुद्र खवळल्यावर तिचा भरंवसा काय? वैद्य व शिक्षक या विमानानें येतात. आमच्या शेजारच्या बाई मूठभर मुलांस शिकवावयास चालल्या होत्या.

त्यांस पाहून आम्ही मनांत ओशाळलों. आमच्या गांवीं श्रावणांत ओढ्यास पूर आला कीं पलीकडचीं मुलें शाळेस मुकत, आणि आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे होत असूं. तो ओढा या समुद्राहून रुंद खचित नव्हता.